आधी फूल, मग पान? रानकांद्याच्या एका वर्षाचा पाठ



विज्ञानाच्या तासाला आपण सगळेच फळ्यावर एक गोल काढतो. बी, बीपासून रोप, मग पानं, मग फूल, मग फळ आणि फळातून पुन्हा बी. बाण काढून गोल पूर्ण केला की ‘वनस्पतीचे जीवनचक्र’ हा भाग संपला. मीही कित्येक वर्षं असंच शिकवत आले. आजचा लेख त्या गोलावर एका मुलीने विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे आणि मी तिला दिलेल्या चुकीच्या उत्तराबद्दलही आहे.

एप्रिल महिना होता. परीक्षा तोंडावर आलेली, सकाळची शाळा. सहावीतली एक मुलगी हातात एक लांब दांडा घेऊन वर्गात आली. हातभर उंचीचा, सरळ, जांभळट तपकिरी दांडा आणि त्यावर अंतराअंतराने लागलेली, मान खाली घातलेली, मळकट रंगाची छोटी फुलं.

“बाई, हे शाळेमागच्या माळावर आलंय. याला पानंच नाहीत. मी खाली वाकून सगळं बघितलं, एकपण पान नाही. मग फूल कसं आलं?”

मी घाईत होते. म्हणाले, “उन्हानं वाळली असतील गं. नाहीतर गुरांनी खाल्ली असतील.”

ती जरा थांबली. “पण बाई, आमची शेळी त्याला तोंडच लावत नाही.” एवढं बोलून ती जागेवर जाऊन बसली. मी उजळणीला लागले आणि विसरूनही गेले.

जूनमध्ये शाळा उघडली. आठ-दहा दिवसांनी तीच मुलगी पुन्हा समोर उभी. “बाई, मी तिथे खुणेचा दगड ठेवला होता. तिथे आता पानं आलीत. नुसती पानं, फूल नाहीच.” त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिच्याबरोबर माळावर गेले. दगड होता. दगडाशेजारी कांद्याच्या पातीसारखी, पण चपटी, हिरवीगार पानं जमिनीतून वर आली होती. तेव्हा मला कळलं की पानं वाळली नव्हती आणि कोणी खाल्लीही नव्हती. एप्रिलमध्ये ती नव्हतीच.

ती वनस्पती म्हणजे रानकांदा. त्या दिवसापासून मी जीवनचक्राचा पाठ याच्या मदतीने शिकवते. तुम्हालाही तो शिकवता यावा, म्हणून हा लेख.

रानकांद्याची ओळख

रानकांद्याला जंगली कांदा, कोलकांदा, कोळकांदा अशीही नावं आहेत. त्याचं शास्त्रीय नाव ड्रिमिया इंडिका. जुन्या पुस्तकांत हीच वनस्पती अर्जिनिया इंडिका या नावाने सापडते. १९७७ मध्ये तिला ड्रिमिया या प्रजातीत घेतलं गेलं, त्यामुळे दोन पुस्तकांत दोन नावं दिसली तर गोंधळून जाऊ नका. महाराष्ट्रात कोकणापासून देशावरच्या कोरड्या माळापर्यंत ती आढळते. मुरमाड जमीन, डोंगरउतार, गवताळ माळ, विरळ जंगल अशा जागी शोधा.

ओळखण्यासाठी एवढ्या गोष्टी लक्षात ठेवा:

• जमिनीखाली पांढरट रंगाचा कांदा असतो. त्याचा आकार साधारण ५ ते १० सेंटिमीटर, म्हणजे मुठीएवढा किंवा त्याहून जरा मोठा.

• फुलांचा दांडा सरळ, न फांदलेला असतो. उंची साधारण ३० ते ६० सेंटिमीटर. त्यावर एकही पान नसतं.

• फुलं लांब देठांवर, एकमेकांपासून दूर दूर लागतात. रंग मळकट पांढरा, हिरवट किंवा तपकिरी. प्रत्येक फुलाला ६ पाकळ्या आणि ६ पुंकेसर. (इथे निदलं आणि पाकळ्या वेगळ्या ओळखू येत नाहीत, म्हणून शास्त्रीय भाषेत त्यांना परिदलं म्हणतात. मुलांसाठी पाकळ्या म्हटलं तरी चालेल.)

• फळ म्हणजे तीन कप्प्यांचं छोटं बोंड. त्यात चपट्या, काळ्या बिया असतात.

• पानं पट्टीसारखी चपटी, साधारण १५ ते ४५ सेंटिमीटर लांब. ती पावसाळ्यात येतात.

नावात ‘कांदा’ असला तरी हा आपल्या स्वयंपाकघरातल्या कांद्याचा सख्खा भाऊ नव्हे. दोघांची कुळं वेगळी. मुख्य म्हणजे रानकांदा विषारी आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय, तो भाग कृपा करून वगळू नका.

रानकांद्याचं वर्षभराचं वेळापत्रक

आता आपण त्याच्या वर्षावर एक नजर टाकू. पावसाच्या मानाने जागोजागी आठ-पंधरा दिवसांचा फरक पडतो, पण क्रम बदलत नाही.

*जून (ज्येष्ठ-आषाढ).* मृगाचा पाऊस पडतो, जमीन भिजते. कांद्याच्या तळाला नवी मुळं फुटतात आणि वरून पानांचे कोंब बाहेर येतात. आजूबाजूला गवत उगवायच्या आत आपली पानं वर काढायला कांद्याला वेळ लागत नाही, कारण लागणारं सामान आधीच घरात भरलेलं असतं.

*जुलै ते सप्टेंबर (आषाढ ते भाद्रपद).* हा कमाईचा काळ. पानं उन्हात अन्न तयार करतात. झाड उंच होत नाही, फांद्या फुटत नाहीत, फूलही येत नाही. वरून बघणाऱ्याला वाटतं, हे नुसतं गवतासारखं पसरलंय. पण पानांत तयार झालेलं अन्न रोज खाली कांद्यात जाऊन साठत असतं.

*ऑक्टोबर (आश्विन).* पाऊस जातो, जमीन वाळायला लागते. पानं टोकाकडून पिवळी पडतात आणि सुकून जातात. घटस्थापनेला माळावर हिरवी असलेली पानं दिवाळीच्या सुमारास शोधावी लागतात.

*नोव्हेंबर ते फेब्रुवारी (कार्तिक ते माघ).* जमिनीवर काहीही नसतं. कोणी विचारलं तर आपण बेलाशक म्हणू, “इथे काही नाही.” पण हातभर अंतरावर, मातीखाली, कांदा जिवंत असतो. तो झोपलेला आहे असं मुलांना सांगितलं तरी हरकत नाही, फक्त ‘मेलेला’ म्हणू नका.

*मार्च ते मे (फाल्गुन ते वैशाख).* होळी होऊन जाते. जमीन तापलेली, गवत वाळून कोळ झालेलं, कुठे वणव्याने काळं पडलेलं. अशा माळावर पाऊस नसताना एक दांडा वर येतो. खालची फुलं आधी उमलतात, वरच्या कळ्या नंतर. त्यामुळे एकाच दांड्यावर खाली बोंडं, मध्ये फुलं आणि वर कळ्या असं तिन्ही एकदम बघायला मिळतं.

*मेअखेर ते जूनची सुरुवात.* बोंडं वाळतात, तडकतात. काळ्या, कागदासारख्या हलक्या बिया वळवाच्या आधीच्या वाऱ्यावर उडून आसपास पडतात. दांडा सुकून मोडतो. मग पुन्हा मृग, पुन्हा पानं.

म्हणजे वर्षातून तीन रूपं: चार महिने नुसती पानं, चार महिने काहीच नाही आणि उन्हाळ्यात नुसतं फूल-फळ. पान आणि फूल यांची भेट जवळपास होतच नाही. एकदाच बघणाऱ्याला एकच रूप दिसतं. आणि जो पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा बघतो, त्याला या दोन वेगवेगळ्या वनस्पती आहेत असं वाटू शकतं.

कांदा म्हणजे नक्की काय?

“आपण कांदा खातो तो झाडाचा कोणता भाग?” हा प्रश्न वर्गात विचारून बघा. बहुतेक मुलं ‘मूळ’ म्हणतील, काही ‘खोड’ म्हणतील. कांदा जमिनीत असतो म्हणून मूळ वाटणं साहजिक आहे. पण कांदा उभा चिरून दाखवला की उत्तर मुलंच शोधतात.

तळाला एक छोटी, कडक चकती दिसते. तेच खोड. एवढंसंच. चकतीच्या खालून निघतात ती मुळं. चकतीच्या वर एकात एक बसलेले जाड, रसदार पापुद्रे असतात. ते म्हणजे अन्न साठवून फुगलेले पानांचे बुडखे. सगळ्यांत बाहेरचे कागदासारखे कोरडे पापुद्रे आतल्या ओलाव्याचं राखण करतात. आणि मधोमध असतो कोंब, पुढच्या वाढीचा.

इथे तुलना करून दिली तर मुलांचा गोंधळ मिटतो. रताळं आणि गाजर ही मुळं. बटाटा, आलं आणि सुरण ही जमिनीतली खोडं. कांदा-लसणात खोड अगदी लहान आणि साठा पानांच्या बुडख्यांत. रानकांद्याची रचनाही अशीच.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. पान नाही, तर फूल कसं आलं? फूल यायला अन्न लागतं आणि अन्न पानांतच तयार होतं, हे तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. तिने योग्य तेच ताडलं होतं. फक्त ते अन्न या एप्रिलमधल्या पानांनी केलेलं नव्हतं. ते गेल्या पावसाळ्यातल्या पानांनी केलं होतं आणि कांद्याने ते सहा-सात महिने सांभाळलं होतं.

म्हणजे फळ्यावरचा आपला गोल चुकीचा नाही! आधी पान आणि मग फूल हा क्रम रानकांद्यातही तोच आहे. फक्त मोजायला सुरुवात जूनपासून करायला हवी. मी मोजायला सुरुवात केली एप्रिलपासून, कारण मला ती वनस्पती एप्रिलमध्ये दिसली होती. गंमत म्हणजे आपल्या शाळेचं वर्षही जूनमध्येच सुरू होतं.

एवढ्या उन्हात फुलायची हौस कशाला?

हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. ‘निसर्गाची किमया’ म्हणून सोडून देऊ नका, कारणं सांगता येतात.

पहिलं कारण बियांचं. मार्च-एप्रिलमध्ये फुललं तर मेअखेरपर्यंत बिया तयार होतात आणि ऐन पावसाच्या तोंडावर जमिनीवर पडतात. बीला रुजायला आणि इवलासा का होईना, स्वतःचा कांदा करायला पावसाचे पूर्ण चार महिने मिळतात. हेच फूल सप्टेंबरमध्ये आलं असतं, तर बिया कोरड्या पडत चाललेल्या जमिनीवर पडल्या असत्या.

दुसरं कारण जागेचं. ऑगस्टमध्ये माळावर गवत गुडघाभर असतं. त्यात हा बारीक दांडा आणि मळकट फुलं कोणत्या कीटकाला दिसणार? उन्हाळ्यात माळ मोकळा असतो. फुलं कमी, त्यामुळे स्पर्धाही कमी.

तिसरं कारण पाण्याचं. पानांतून सतत पाण्याची वाफ होत असते. भर उन्हाळ्यात पानं राखणं महागात पडतं. एक बारीक दांडा आणि थोडी फुलं एवढा खर्च कांद्यातल्या साठ्यावर भागतो.

मुलांना हे पटवायला दूर जायला नको. पळस डोळ्यांसमोर आणा. तोही होळीच्या सुमारास पानं झडलेल्या अंगाने फुलतो. काटेसावरीचं तेच. त्यांचा साठा खोडात आणि मुळांत असतो, रानकांद्याचा मातीखालच्या कांद्यात.

याच्या उलट उदाहरण हवं असेल तर कळलावी घ्या. तीही जमिनीतल्या कंदावर उन्हाळा काढते. पण पावसात ती उगवते, पानं येतात आणि त्याच पावसाळ्यात लाल-पिवळी फुलंही येतात. जमिनीखाली साठा दोघींचा, पण वेळापत्रक वेगळं.

मोठ्या वर्गांसाठी आणखी एक उदाहरण. भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत रानकांद्याचा एक नातेवाईक वाढतो, ड्रिमिया मॅरिटिमा. तिथे उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस हिवाळ्यात पडतो. तो साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, पानांशिवाय फुलतो आणि पाऊस सुरू झाला की पानं काढतो. महिने आपल्यापेक्षा वेगळे, पण हिशोब तोच: कोरड्या दिवसांच्या शेवटी फूल, पावसात पान. मुलांना दोन्ही वेळापत्रकं देऊन विचारा, “या वनस्पती दिनदर्शिका बघतात की पाऊस?”

थांबा, आधी हे वाचा: रानकांदा विषारी आहे

पालकांनी हा भाग दोनदा वाचावा.

रानकांद्याच्या सगळ्या भागांपासून मुलांना लांब ठेवा, विशेषतः जमिनीखालच्या कांद्यापासून. त्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात. याच गुणामुळे तो औषधात वापरला गेला, पण औषधाची मात्रा जाणकाराने ठरवायची असते. घरी कोणताही प्रयोग करू नये. त्याच्या रसात सुईसारखे सूक्ष्म स्फटिकही असतात. ते कातडीला टोचतात आणि खाज सुटते.

हे मी पुस्तकात वाचून नंतर शिकले, आधी अनुभवाने शिकले. त्या जूनमध्ये माझी उत्सुकता एवढी वाढली की मी एक कांदा खणून काढला आणि उघड्या हातांनी चिरला. रात्रभर दोन्ही हात चुरचुरत होते. बरं झालं, मुलांसमोर वर्गात चिरला नाही! एखाद्याने बघून घरी तेच केलं असतं, तर?

खरा धोका आहे तो जून महिन्यात. पहिल्या पावसानंतर आपल्याकडे फोडशी, म्हणजेच कुलूची भाजी काढायला लोक माळावर जातात. तीही पातीसारखी लांब पानं आणि तीही त्याच दिवसांत उगवते. मुलं आजीबरोबर भाजी काढायला जातात आणि मग एकटीही जातात. म्हणून वर्गात स्पष्ट नियम सांगा:

१. जाणत्या माणसाने ओळखून दिल्याशिवाय कोणतीही रानभाजी उपटायची नाही, तोंडात तर मुळीच घालायची नाही.

२. ‘कांद्यासारखं दिसतं’ म्हणजे कांदा असं समजायचं नाही. खऱ्या कांद्या-लसणाला तिखट वास असतो, रानकांद्याला तो नसतो. पण वास बघण्यासाठी मुलांनी पान चुरगळायचं नाही, कारण रस हाताला लागतो.

३. हाताला रस लागला तर डोळे न चोळता साबणाने हात धुवायचे आणि मोठ्यांना सांगायचं.

४. कोणी चुकून खाल्लं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. लगेच दवाखान्यात न्यायचं किंवा १०८ ला फोन करायचा. वनस्पतीचा तुकडा पिशवीत घालून किंवा तिचा फोटो काढून सोबत न्यायचा, म्हणजे डॉक्टरांना कळेल.

वर्गात आणि घरी करता येतील असे उपक्रम

रानकांदा बघायचा, हात लावायचा नाही. हाताने करायचे सगळे प्रयोग स्वयंपाकघरातल्या कांद्यावर करा.

*उपक्रम १: मातीशिवाय, पाण्याशिवाय कोंब.* पावसाळ्यात टोपलीतल्या कांद्यांना कोंब येतात, हे प्रत्येक घरी माहीत असतं. असा कोंब येऊ लागलेला एक कांदा घ्या. किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. तो टोपलीतच राहू द्या आणि दर आठवड्याला वजन करा. महिनाभराने पात वाढलेली दिसेल, कांदा पोकळ आणि मऊ झालेला असेल आणि एकूण वजन कमी भरेल. मग विचारा: पात कुठून आली? वजन कमी का झालं? (साठा पातीकडे गेला. काही श्वसनात खर्च झाला. पाणी उडून गेलं.) या एका प्रयोगाने ‘पान नसताना फूल कसं’ याचं अर्धं उत्तर मुलं स्वतः देतात.

*उपक्रम २: आयोडीनची चाचणी.* बटाट्याच्या आणि कांद्याच्या चकतीवर औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब टाका. बटाटा निळा-काळा होईल, कारण त्यात स्टार्च असतं. कांदा तसा होणार नाही, कारण त्याचा साठा शर्करेच्या रूपात असतो. ‘साठा’ सगळीकडे सारखा नसतो, हे कळतं. थेंब टाकलेल्या चकत्या नंतर फेकून द्या.

*उपक्रम ३: डेंगळ्यांची चौकशी.* ज्यांच्या घरी शेती आहे अशा मुलांना घरी विचारायला सांगा: कांद्याला डेंगळे येतात म्हणजे काय? ते आले की शेतकरी का वैतागतो? आणि बी तयार करायचं असेल तर आख्खे कांदे पुन्हा का लावतात? उत्तर एकच आहे. फुलाचा दांडा कांद्यातल्या साठ्यावर वाढतो. खायचा कांदा हवा असेल तर ते नुकसान, बी हवं असेल तर तेच काम. घरच्या कांद्याचा आणि माळावरच्या रानकांद्याचा धागा इथे जुळतो, आणि तो जोडून देणारे असतात मुलांचे आईवडील.

*उपक्रम ४: खुणेचा दगड.* हा माझा सगळ्यांत आवडता. शाळेजवळ रानकांदा, कळलावी, सापकांदा, जे काही जमिनीतल्या साठ्यावर जगणारं मिळेल, त्याच्याशेजारी रंगवलेला दगड ठेवा. पुठ्ठ्यावर बारा चौकोन आखा, जून ते मे. दर महिन्याला एक गट जाऊन येतो, चित्र काढतो, एक ओळ लिहितो. काही दिसलं नाही तर चौकोन रिकामा सोडायचा नाही, ‘आज काही दिसले नाही’ असं लिहायचं. तीही नोंदच आहे.

एक नियम कडक पाळा: खणायचं नाही. पान तोडलं तर त्या वर्षीची कमाई बुडते. कांदा काढला तर सगळंच संपतं, कारण बीपासून फुलण्याएवढा कांदा व्हायला काही वर्षं जातात. मी खणलेल्या कांद्याच्या जागी पुढच्या उन्हाळ्यात दांडा आला नाही. ती रिकामी जागा मी दरवर्षी मुलांना दाखवते आणि ती माझ्यामुळे रिकामी आहे हेही सांगते.

सुट्टीत कोण बघणार?

या उपक्रमात एक अडचण आहे. रानकांद्याला पानं येतात तेव्हा शाळा भरलेली असते. फुलं येतात तेव्हा परीक्षा असतात, आणि बोंडं तडकतात तेव्हा उन्हाळी सुट्टी. म्हणजे या वनस्पतीचं अर्धं वर्ष आपल्या वेळापत्रकातून निसटतं. मला वाटतं, मी इतकी वर्षं त्या माळावरून येऊन-जाऊन फूल न बघण्याचं कारण हेच असावं. मार्च-एप्रिलमध्ये मी मान खाली घालून पेपर तपासत असते.

म्हणून पालकहो, इथे तुमची मदत हवी. मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी, उन्हं कलल्यावर, मुलांना घेऊन माळावर जा. गावी जात असाल तर तिथे बघा. ओळखता आलं नाही तरी हरकत नाही. पानाशिवाय फुललेलं काहीही दिसलं की थांबा आणि मुलांना तीन गोष्टी लिहायला सांगा: कधी दिसलं, कुठे दिसलं, जमिनीवर त्याचं पान होतं की नव्हतं. फोटो काढा, तोडू नका.

मुलांना विचारण्यासाठी काही प्रश्न

१. रानकांद्याची पानं ऑगस्टमध्ये गुरांच्या पायाखाली तुडवली गेली, तर परिणाम कोणत्या महिन्यात दिसेल? का?

२. पाऊस एक महिना उशिरा आला, तर पानांना कमाईसाठी किती दिवस मिळतील? पुढच्या उन्हाळ्यातल्या फुलांवर काय परिणाम होईल असं तुम्हाला वाटतं?

३. जानेवारीत माळावर काहीच दिसत नाही. तिथे रानकांदा आहे की नाही, हे न खणता कसं ठरवाल?

४. रानकांद्याचं फूल दिवसाच्या कोणत्या वेळी उमलतं? सकाळी, दुपारी, संध्याकाळी? स्वतः बघून लिहा.

पहिल्या प्रश्नावर जरा थांबा. ‘आज झालेल्या नुकसानाचा परिणाम आठ महिन्यांनी दिसतो’ हे मुलांना सहज सुचत नाही. पण एकदा सुचलं की ती इतर ठिकाणीही तसा विचार करू लागतात.

शेवटी

त्या मुलीला मी जूनमध्येच, सगळ्या वर्गासमोर सांगितलं, “एप्रिलमध्ये मी तुला चुकीचं उत्तर दिलं. तुझी शेळी बरोबर होती.” वर्ग हसला, तीही हसली. मग मी फळ्यावर नेहमीचा गोल काढला आणि खडू तिच्या हातात दिला. तिने गोलाच्या बाहेर महिने लिहिले. पानाजवळ ‘जून’, फुलाजवळ ‘एप्रिल’. आणि दोघांच्या मधे, जिथे मी आजवर नुसता बाण काढत होते, तिथे तिने जमिनीची एक रेघ ओढली आणि रेघेखाली एक कांदा काढला.

तेव्हापासून माझ्या फळ्यावरचा गोल तसाच असतो.

तुमच्या भागात रानकांद्याला काय म्हणतात, पहिला दांडा कोणत्या महिन्यात दिसतो, हे नक्की नोंदवून ठेवा. आणि एखाद्या मुलाने परीक्षेच्या गडबडीत असं काही आणून दाखवलं, उत्तर येत नसेल, तर सरळ म्हणा, “मला माहीत नाही. तिथे एक दगड ठेवून ये, आपण जूनमध्ये बघू.”